विहिरीतला पांढरा मुरूम आणि ‘सेरियम १८०’

प्रश्न देगलूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. विहीर खोल करताना पंचवीस फुटांवर पांढरट-गुलाबी, बोटांनी चुरडणारा मुरूम लागला. गावात आलेल्या एकानं त्यावर पिस्तुलासारखं मशीन धरलं आणि पडद्यावर ‘सेरियम १८०’ उमटलं. तो म्हणाला, ही ‘रेअर अर्थ’ आहे, इलेक्ट्रिक गाड्यांना आणि पवनचक्क्यांना लागते, चीनमध्ये अशाच मातीतून काढतात. प्रयोगशाळेची फी भरा, पुढचा करार मी लावून देतो. भाऊ विचारतात: असं खरंच असू शकतं का, आणि पैसे भरू का?

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

पहिला प्रश्न मात्र चांगला आहे, कारण त्या माणसानं सांगितलेलं सगळंच खोटं नाही. चीनमध्ये खरोखरच कुजक्या ग्रॅनाइटच्या मातीतून ही मूलद्रव्यं काढतात. तुमच्याकडे ग्रॅनाइट आहे, तोही कुजलेला आहे. मराठवाड्यातल्या बाकी बहुतेक ठिकाणाहून हा प्रश्न आला असता तर दोन ओळींत उरकला असता. देगलूरचं म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी खडक, माती आणि भूजलाच्या कामात तीसेक वर्षं घातली आहेत, त्यातली निम्मी नांदेड-लातूर-परभणीकडे.

आधी नावानं होणारा घोटाळा. ‘रेअर अर्थ’ला आपण ‘दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर शेतातली माती येते. जुने रसायनशास्त्रज्ञ धातूंच्या ऑक्साइडांना ‘मृदा’ म्हणत, तिथून ते नाव चिकटलं. एकूण १७ मूलद्रव्यं: लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत १५, शिवाय स्कँडियम आणि इट्रियम. ‘दुर्मिळ’ हा शब्दही फसवा आहे. पृथ्वीच्या कवचात सेरियम सरासरी ६० पीपीएमच्या आसपास असतं, म्हणजे टनाला साठ ग्रॅम. तांबंही जवळपास तेवढंच. त्यामुळे ‘तुमच्या जमिनीत सेरियम आहे’ हे वाक्य कुणाच्याही जमिनीबद्दल बोललं तरी खरंच ठरतं.

तुमच्या १८० चा हिशेब करून पाहू. हा आकडा खरा आहे असं घटकाभर धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. एक मीटर खोल माती काढली तर ती साधारण सहा हजार टन भरेल. टनाला १८० ग्रॅम म्हणजे एक टनाहून थोडं जास्त सेरियम! ऐकायला जबरदस्त. पण सेरियमचं शुद्ध केलेलं ऑक्साइड जागतिक बाजारात किलोला एक-दोन डॉलरच्या आसपास विकलं जातं. म्हणजे अख्खा एकर मीटरभर खरवडून, सहा हजार टन मातीवर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून, कण न् कण हाती आला तरी लाख-दोन लाखांचा माल. प्रक्रियेचा खर्च त्याच्या कितीतरी पट. आपल्या काळ्या मातीखालच्या बेसाल्टमध्ये तांबं शंभर-दोनशे पीपीएम असतं, आणि सेरियमपेक्षा ते कितीतरी महाग आहे. तरी तांब्यासाठी काळी माती विकत घ्यायला आजवर कुणी आलेलं नाही.

तेव्हा नुसतं ‘आहे का’ विचारून भागत नाही. ‘जमून आलंय का, आणि सहज सुटेल अशा रूपात आहे का’ हे विचारावं लागतं. जमवण्याचं काम निसर्गात बऱ्याचदा विदारण करतं, म्हणजे ऊन, पाऊस, मुळं आणि आम्लं यांनी दगड कुजणं. ते मात्र एकाच पद्धतीनं होत नाही.

एक पद्धत आपल्या उफणणीसारखी. खडक कुजतो, नरम खनिजांची माती होऊन वाहून जाते आणि चिवट दाणे मागे राहतात. मोनाझाइट हा असा चिवट, जड दाणा, त्यात निम्म्याहून जास्त भाग दुर्मिळ मृदांच्या ऑक्साइडांचा. नद्या तो समुद्राकडे नेतात आणि लाटा खळ्यातल्या वाऱ्यासारखं हलकं उडवून जड मागे ठेवतात. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची आणि ओडिशात छत्रपूर इथली काळी वाळू अशीच बनली. १९५० साली स्थापन झालेल्या इंडियन रेअर अर्थ्‌स या सरकारी कंपनीचं काम तिच्यावरच उभं राहिलं. अडचण अशी की मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, म्हणून ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं. आणि आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूवरून कुणी वेगळी गोष्ट सांगू लागलं तर ध्यानात ठेवा: ती वाळू मुख्यतः सह्याद्रीच्या बेसाल्टमधून आलेली, तिच्यात इल्मेनाइट, म्हणजे लोखंड-टायटॅनियमचं काळं खनिज, भरपूर. बेसाल्टमध्ये मोनाझाइट नसल्यासारखंच, तर ते वाळूत कुठून येणार?

दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या माउंट वेल्डची. तिथे मूळ खडक कार्बोनेटाइट, म्हणजे चुनखडीसारख्या घटकांचा पण जमिनीखालच्या तप्त शिलारसातून बनलेला. पावसानं त्यातला चुना विरघळवून नेला आणि दुर्मिळ मृदा धरून ठेवणारी फॉस्फेटं वर साचत गेली. असा खडक आपल्या जवळ म्हणजे गुजरातेत आंबाडोंगरला आहे. तो आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्याच काळातला, पण मराठवाड्यात तसा काही नाही. म्हणून ही पद्धत इथेच सोडू.

तिसरी तुमच्या विहिरीशी संबंधित, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरीतल्या चुंबकांच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. १९६९ साली दक्षिण चीनच्या जिआंगशी प्रांतात, लाँगनान भागात, डोंगरउतारावरच्या साध्या दिसणाऱ्या मातीत या मूलद्रव्यांचा साठा सापडला. तिथलं प्रमाण ऐकून तुम्ही चकित व्हाल: बहुतेक ठिकाणी शेकडा ०.०५ ते ०.२, म्हणजे टनाला पाचशे ग्रॅम ते दोन किलो. इतर खाणींपुढे हे काहीच नाही. तरी ते परवडतं, कारण मूलद्रव्यं खनिजाच्या दाण्यात कोंडलेली नाहीत. ती चिकणमातीच्या कणांवर नुसती चिकटून बसलेली आहेत. अमोनियम सल्फेटचं पाणी सोडलं की सुटून येतात.

अमोनियम सल्फेट तुम्हाला नवं नाही, ते खत म्हणून टाकता. मातीचे कण ऋणभारित असतात, म्हणून अमोनियम त्यांना धरून राहतं आणि पिकाला हळूहळू मिळतं. चीनमधल्या मातीत त्याच जागांवर डिस्प्रोसियम, टर्बियम, इट्रियम असे दुर्मिळ मृदांपैकी काही बसलेले. अमोनियमनं त्या जागा बळकावल्या की ते पाण्यात उतरतात. रसायन एकच, फक्त आपण आत घालायला वापरतो आणि ते बाहेर काढायला.

पण ही मूलद्रव्यं मातीच्या कणांवर येऊन बसली कशी? त्यासाठी चार गोष्टी एकाच जागी जुळाव्या लागतात. मूळ ग्रॅनाइटमध्ये दुर्मिळ मृदा थोड्या जास्त हव्यात, शिवाय त्या लवकर कुजणाऱ्या खनिजांत हव्यात: फ्लोरिनयुक्त कार्बोनेटं, अॅपेटाइट, टायटनाइट असली. झिरकॉन-मोनाझाइटसारख्या चिवट दाण्यांत अडकल्या असतील तर लाखो वर्षं पाऊस पडला तरी सुटत नाहीत. मग हवा भरपूर पाऊस. तिथे वर्षाला सुमारे १५०० मिलिमीटर पडतो, झाडोराही दाट, त्यामुळे वरची माती आम्ल होते. त्या आम्ल पाण्यात ही मूलद्रव्यं विरघळून खाली झिरपतात. खाली पाण्याची आम्लता कमी होत जाते, आणि ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजापासून झालेली केओलिनाइट आणि हॅलॉयसाइट ही पांढरी चिकणमाती त्यांना धरून ठेवते. शेवटचं म्हणजे वेळ आणि शांतता. उतार मंद हवा, म्हणजे कुजलेला थर वरून धुपण्यापेक्षा खालून वेगानं वाढतो. असे दहा-वीस-तीस मीटर जाड थर तिथे आहेत, आणि मधल्या पट्ट्यात मूळ खडकाच्या तीन-चार पट मूलद्रव्यं साचलेली.

या प्रवासात एकटं सेरियम वेगळं वागतं. हवेतल्या प्राणवायूनं त्याचा भार तीनचा चार होतो आणि ते वरच ऑक्साइड होऊन बसतं. बाकीचे भाऊबंद खाली उतरतात, हे गावातच राहतं. म्हणून वरच्या मातीत नुसतं सेरियम जास्त दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की विदारण झालं आहे. साठा असलाच तर खाली असेल, आणि तिथे सेरियम उलट कमी दिसेल. तुमच्या त्या पाहुण्यानं बाकी एकाही मूलद्रव्याचा आकडा न दाखवता फक्त सेरियम दाखवलं, तिथेच माझ्या मनात शंका आली.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरीतल्या चुंबकांना सेरियम लागत नाही. तिथे निओडिमियम आणि प्रासिओडिमियम लागतात, आणि तापल्यावर चुंबकाची ताकद उतरू नये म्हणून थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम. हे शेवटचे दोघे खरे अडचणीचे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात मध्यम-जड दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यात हे दोघंही होते. तेव्हापासून गावोगाव मशीनवाले फिरू लागले असतील तर नवल नाही. (पवनचक्कीचं जाता जाता: बीड-धाराशिवच्या माळावर दिसते ती प्रत्येक पवनचक्की काही दुर्मिळ मृदांवर चालत नाही. जमिनीवरच्या अनेक पवनचक्क्यांत गिअरबॉक्स आणि साधं तांब्याच्या वेटोळ्यांचं जनित्र असतं. मोठी कायम चुंबकं मुख्यतः बिनगिअरच्या रचनेत लागतात.)

आता मराठवाड्याकडे. औरंगाबादपासून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून लातूरपर्यंत पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. विदारण त्याचंही होतं, आणि कसं सुरेख होतं! रस्त्याच्या कापात पाहा, गोल गोल दगड कांद्यासारखे पाकळ्या सोडत असतात, मधला गाभा टणक आणि भोवतीचा मुरूम हातानं सुटणारा. पण या खडकात दुर्मिळ मृदा सगळ्या मिळून शंभर पीपीएमच्या आगेमागे, म्हणजे मूळ भांडवलच थोडं. त्यात आपलं हवामान कंजूष. चार महिने पाऊस, आठ महिने ऊन. झिरपलेलं पाणी परत वर ओढलं जातं आणि चुन्याचे खडे होतात, काळ्या रानात नांगराला लागतात ते. माती अल्कली, सामू साडेसात-आठ. अशा मातीत ही मूलद्रव्यं पाण्यात उतरतच नाहीत, जिथल्या तिथे घट्ट बसतात. काळ्या मातीची धरून ठेवण्याची ताकद केओलिनाइटच्या कितीतरी पट आहे, म्हणूनच कापूस आणि तूर जगते. पण तिच्यापर्यंत काही वाहून यायला तर हवं. शिवाय ती चुन्यानं आधीच भरलेली. बिदरच्या पठारावर बेसाल्टचा जांभा झालेला दिसतो, त्यात भुयारी पाणवाटाही खोदलेल्या आहेत. तो जुन्या, जास्त ओल्या काळाचा पुरावा. आजच्या हवामानात तसा जांभा आपल्याकडे बनत नाही.

तुमचा भाग वेगळा. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण कडेला, देगलूर-बिलोलीकडे, बेसाल्टची चादर संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ही चादर पश्चिमेकडे किती जाड होते याची कल्पना किल्लारीनं दिली. १९९३ च्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल विंधन केलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर आणि मग जुना खडक. लाव्हा येण्यापूर्वी तो जुना खडक किती काळ उघड्यावर कुजत पडला असेल, कोण जाणे. तसला एखादा कुजका थर अजून चादरीखाली गाडलेला असेलही. आम्हा भूवैज्ञानिकांना रात्री झोप येत नसली की अशा गोष्टी सुचतात. त्यातून खाण होत नाही.

तुमचा पांढरा मुरूम म्हणजे जागच्या जागी कुजलेला ग्रॅनाइट. एक ढेकूळ हातात घ्या. मूळ दगडाची नक्षी तशीच दिसेल, पण नखानं चुरडेल. पिठासारखं पांढरं हाताला लागतं ते फेल्डस्पारचं झालेलं केओलिन. साखरेसारखे खरखरीत दाणे क्वार्ट्‌झचे. मध्ये चमकणारी सोनेरी पापुद्री म्हणजे कुजलेला काळा अभ्रक. ती सोनं म्हणून माझ्याकडे घेऊन आलेले लोक मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकत नाही.

म्हणजे चारपैकी एक गोष्ट तुमच्याकडे आहे: ग्रॅनाइट आणि त्याची पांढरी माती. बाकी तीन? तुमच्या ग्रॅनाइटमध्ये ही मूलद्रव्यं कोणत्या खनिजात आहेत हे तुकड्या-तुकड्यावर अवलंबून, घरी बसून सांगता येणार नाही. पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. आणि तिकडचे खडकाळ बोडके डोंगर पाहिलेत ना, एकावर एक रचलेल्या गोल शिळांचे? ते सांगतात की कुजलेलं धुपून गेलं आहे. सखल जागी थर साचतो, पण तो दोन-पाच मीटरांचा, फार झालं तर दहाचा. म्हणून मी ‘अशक्य’ म्हणणार नाही, ‘फारच कमी शक्यता’ म्हणेन.

यात मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. उमेदीच्या काळात नांदेडकडच्याच एका कुजक्या ग्रॅनाइटचे नमुने मी मोठ्या आशेनं तपासायला दिले. एकूण दुर्मिळ मृदांचा आकडा खरोखर चांगला आला, मी चार लोकांना सांगूनही टाकलं. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, “अमोनियम सल्फेटमध्ये हलवून पाहिलंस का?” पाहिलं. सुटून आलेला वाटा नगण्य. सगळा माल चिवट दाण्यांच्या आत कुलूपबंद होता. तेव्हापासून एकूण आकडा कुणी सांगितला की मी आधी सुटणारा वाटा विचारतो.

आणि ते मशीन. हातातली क्ष-किरण बंदूक वाईट नाही, मीही वापरतो, लोखंड-तांबं-जस्त ती छान सांगते. पण नेहमीच्या सेटिंगवर हलक्या दुर्मिळ मृदांबाबत ती सहज फसते. सेरियम आणि लँथॅनमची क्ष-किरणातली ओळख बेरियम आणि टायटॅनियमच्या ओळखीला अगदी खेटून असते. ग्रॅनाइटच्या फेल्डस्पारमध्ये बेरियम भरपूर, बेसाल्टमध्ये टायटॅनियम भरपूर. म्हणजे मराठवाड्यात कुठेही बंदूक धरा, ती ‘सेरियम’ म्हणण्याची शक्यता आहेच. खात्रीसाठी नमुना पूर्ण विरघळवून आयसीपी-एमएस यंत्रावर तपासावा लागतो. एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात, आणि तिथे सगळ्या मूलद्रव्यांचे आकडे एकत्र मिळतात.

तुम्हाला स्वतःच्या उत्सुकतेसाठी करायचंच असेल तर विहिरीच्या भिंतीतून वरून खाली दर मीटरला एक असा किलोभर नमुना घ्या, बाहेरचा वाळलेला थर खरवडून आतला. स्वच्छ प्लास्टिक पिशवीत भरा, खोली लिहा. खताच्या जुन्या गोणीत कृपा करून भरू नका, आणि नांगरटीतली वरची वीतभर माती सोडून द्या. फॉस्फेट खतांत या मूलद्रव्यांचा अंश असतो, तो आकडा बिघडवतो. एक नमुना तळाच्या टणक खडकाचा हवाच. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय माती श्रीमंत झाली की गरीब, हे कळत नाही. त्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर तुमच्या भागाचे भूरासायनिक नकाशे पाहा, ते फुकट आहेत.

करारापुरतं एवढंच: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरचा हक्क राज्याचा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दुर्मिळ मृदांसारख्या महत्त्वाच्या खनिजांच्या खाणपट्ट्यांचा लिलाव केंद्र सरकार करतं. गावात येऊन शेतकऱ्याशी परस्पर ‘रेअर अर्थचा करार’ करणाऱ्याच्या हातात देण्यासारखं काही नसतंच. आणि समजा, साठा निघालाच असता, तरी चीनमध्ये आणि म्यानमारच्या काचिन भागात डोंगरात भोकं पाडून अमोनियमचं पाणी सोडलं, त्यात ओढे नासले आणि उतार घसरले. तुमच्या विहिरीशेजारी तुम्ही ते होऊ दिलं असतं, असं मला वाटत नाही.

शेवटी एक काम, आणि हे मनापासून सांगतोय. वर मी जी खनिजं सांगितली, अॅपेटाइट, काळा अभ्रक, फ्लोरिनयुक्त कार्बोनेटं, ती कुजताना फ्लोरिनही सोडतात. ते सेरियमसारखं वर बसून राहत नाही, सरळ पाण्यात उतरतं, आणि आपल्यासारख्या अल्कली पाण्यात टिकून राहतं. नांदेड जिल्ह्यात ग्रॅनाइटच्या पट्ट्यात पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. पिण्यासाठी लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा पर्याय नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यावर गेलं की लहान मुलांच्या दातांवर आधी तपकिरी डाग दिसतात. विहीर नुकतीच खोल केली आहे, म्हणजे आता नव्या थरातलं पाणी येतंय. लिटरभर पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत भरा आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत देऊन या. आकडा आला की इथेच टाका, पुढे काय करायचं ते बघू.